संगणकरक्षण आणि मोटारींचा तह

प्रथम नमन उजेडास, जो असता कोणी पाहत नाही आणि गेला असता सारे घर त्याचेच नाव घेते. दुसरे नमन खांबावरच्या तारेस, दुरूनच. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत नाम संवत्सर, वैशाख मासी या राज्यात एक खलिता आला आणि त्याचे उत्तर बहुत दिवस गेले नाही, त्याची हकीकत येणेप्रमाणे. लिहिणार आम्ही, आमचे नाव सांगावे इतके मोठे नाही. तालुक्याच्या वाचनालयात पुस्तके देण्याघेण्याचे काम केले, शिकविले कोणास काहीच नाही, तरी रयत आम्हांस मास्तर म्हणते आणि आम्ही ते कधी दुरुस्त केले नाही. राज्याचेही नाव लिहीत नाही. ओढ्यापासून डीपीपर्यंत त्याची हद्द. डीपी म्हणजे दोन खांबांवर बसविलेला तो विजेचा जड पेटारा, सरकारी भाषेत रोहित्र. त्याच्या आश्रयाने मळ्यात विखुरलेली नऊ घरे, आणि आमचे सोडून बाकी प्रत्येकाची एक विहीर व विहिरीवर एक मोटार. आमच्यापाशी विहीर नाही. पुस्तके आहेत.

खलिता होता श्रीनिवासराव पोतनीस यांचा. हे आमचे शाळूसोबती, पाटबंधारे खात्यात कालव्यावर हयात घालविली आणि निवृत्त जाहल्यावर आपल्या चाकरीचा वृत्तांत लिहिला, त्या बाडाची झेरॉक्स खलित्यासोबत होती. त्यांनी लिहिले की, "डोळ्यांनी दगा दिला. मोठा ठसा असला तर भिंगातून वाचतो, हाताचे अक्षर आता लागत नाही. सूनबाई वाचून दाखवील, परंतु निकाल तिच्या तोंडून ऐकण्याची छाती नाही. फोन करू नकोस, फोनवर तू हो ला हो करतोस. लिहिताना मात्र तुला खोटे बोलता येत नाही. हे छापावे की नाही, एवढेच मोठ्या अक्षरांत कळव. दसऱ्यास छापखान्याचा माणूस येणार आहे. तोवर तुझे काही आले नाही तर छापण्याजोगे नाही असे समजेन आणि त्यास चहा पाजून परत पाठवीन." आम्ही खलिता दोनदा वाचला आणि बाड एका बैठकीत वाचले, आणि उत्तर काय द्यावे ते आम्हांस त्याच दिवशी ठाऊक होते, आणि आम्ही ते लिहिले नाही.

मोठा ठसा म्हणजे संगणक, आणि संगणक तर राज्यात एकच. कन्या पुण्यास असते, तिने आपला जुना संगणक व छपाईयंत्र आम्हांस पाठविले होते, त्याची स्थापना बाहेरच्या खोलीत टेबलावर होऊन आमच्या कुटुंबाने, म्हणजे कुमुदिनीबाईंनी, त्यावर क्रोशाचे वस्त्र घातले होते. मग आम्ही स्नान करून बसलो आणि एका बोटाने टाइप करीत करीत दुपारपर्यंत एक पान भरविले, तों वीज गेली. पान गेले. लिहिलेले मधून मधून जतन करावे असे संगणकासोबतच्या पुस्तकात होते, पण ते प्रकरण आम्ही पुढे वाचणार होतो. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो आणि ओळीओळीस जतन करू लागलो, आणि वीज गेली, आली, गेली, आणि या खेपेस अशा जोराने आली की दिवा पांढराफटक पडला, संगणकाच्या पोटात फट् ऐसा आवाज जाहला आणि खोलीत जळका वास भरला. कुमुदिनीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, काय जाळलंत?" आम्ही म्हणालो, "मी काहीच नाही केलं." त्या म्हणाल्या, "ते तर नेहमीचंच. खिडकी तरी उघडा!" मग संगणक गोणपाटात गुंडाळून एसटीने तालुक्यास नेला आणि दुरुस्त करवून आणिला. तेथे टायपिंगचे दुकान होते, तेथेच मजकूर द्यावा असे एकदा मनात आले. परंतु तो दुकानदार टाइप करिताना मोठ्याने वाचतो आणि मध्येच आपले मत देतो, सबब तो विचार सोडिला.

दुरुस्ती करणाऱ्याने सांगितले की संगणकास यूपीएसची कुमक पाहिजे, म्हणजे बॅटरीची पेटी, वीज गेली तरी काही काळ किल्ला लढविते. ती घेतली. तिचे माहितीपत्रक आम्ही पाठ केले, आणि त्यात अर्थिंग चांगले असावे ऐसे होते, म्हणून झुंबर वायरमन यांस पाचारण केले. हे या प्रांताचे तारांचे सरदार, कमरेस पक्कड, कानावर विडी. त्यांनी भिंतीतले बटणबोर्ड उघडून पाहिले आणि कपाळास हात लाविला. "मास्तर, तिसऱ्या भोकाला तारच नाय की! घराची वायरिंग केली कुणी?" आम्ही हळूच म्हणालो, "आपणच." झुंबर म्हणाले, "मंग त्या वक्ताला तशीच पद्धत व्हती." मग परसात खड्डा खणून त्यात तांब्याची पट्टी, मीठ आणि कोळसा घालून तार आत आणिली, आणि खड्डा ओला ठेवावा लागतो म्हणून कुमुदिनीबाई रोज सकाळी तुळशीस तांब्या आणि खड्ड्यास बादली घालू लागल्या. शेजारीण विचारी, "ह्यो कंचा देव, काकू?" त्या म्हणत, "ह्यांचा."

इतके होऊनही यश नाही. वीज असली तरी पेटी टीं टीं करून ओरडे आणि पाहता पाहता गप्प होई आणि संगणक अंधारून जाई. आम्ही माहितीपत्रक पुन्हा वाचले, आपलेच वाचन चुकले असावे ऐसे धरून तिसऱ्यांदा वाचले. तेव्हा कुमुदिनीबाई म्हणाल्या, "त्यात काय वाचताय? मळ्यातल्या मोटारी घुरघुरल्या की माझा मिक्सर रडतो, दिवा लाल होतो. तुमची पेटी तरी काय करणार, तिच्या पोटात काही गेलं तर ना!" मग आमच्या ध्यानी आले. या मुलखात प्रत्येक मोटारीस ऑटो लाविलेला असतो. शेताची वीज केव्हा येईल याचा भरवसा नाही, शेतकऱ्याने विहिरीवर किती बसावे, म्हणून ही पेटी. वीज आली की मोटार आपली आपण सुरू. सोय मोठी. परंतु आठही मोटारी एका क्षणी जाग्या होतात आणि एकदमच वीज ओढतात, घरात यावयास काही उरत नाही, मग डीपीवरचा फ्यूज जातो, आणि ज्याला घाई तो फ्यूजच्या जागी जाड तार पिळून बसवितो, आणि पुढचा तडाखा तो न अडता थेट घरात. म्हणजे संगणकाचे रक्षण टेबलावर होणार नव्हते. लढाई विहिरींवर होती. आणि आम्ही तर दुकानात सुटे पैसे मागावयास लाजणारे.

तरी निश्चय केला. ऑटोच्या पेटीत एक लहान खुंटी असते, ती फिरविली की मोटार तितकी मिनिटे थांबून सुरू होते, हे आम्ही ऑटोच्या खोक्यातल्या कागदावर वाचले होते. ती खुंटी या राज्यात कोणी कधी फिरविली नव्हती. प्रत्येकाने ती वेगळ्या मिनिटावर ठेविली तर मोटारी एकामागून एक उठतील आणि सर्वांचेच भले. पोळा होऊन चार दिवस जाहले तेव्हा डीपीजवळच्या चिंचेखाली सर्वांस बोलाविले. आम्ही भाषण लिहून नेले होते आणि ते कागदाकडे पाहत वाचिले, त्यात व्होल्ट होते, अँपिअर होते, दाब होता. रयत बहुत आदराने ऐकत होती, म्हणजे तिघे तंबाखू मळत होते. शेवटी शंकरराव बोडखे उठले. यांची विहीर आमच्या घराला लागून, अंग थोराड, आवाज मोटारीहून मोठा. ते म्हणाले, "ते समदं बराबर हाय मास्तर. पन पयला नंबर कुनाचा?" आणि तेथे दरबार फुटला. कोणी म्हणे जुनी विहीर त्याचा, कोणी म्हणे मोठे रान त्याचा, कोणी म्हणे ऊस कोणाचा वाळतो ते पाहा. आम्ही कागदात पाहिले, कागदात उत्तर नव्हते. तेव्हा कुमुदिनीबाई, ज्या आम्हांस परत न्यावयास म्हणून मागे उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "अहो, या पोळ्याला तोरणाखालून बैल कुणाचे आधी गेले?" मग एक जण म्हणाला, "कोरडेआप्पांचे. मानच हाय त्यांचा." "मग त्यामागून?" "बोडख्यांचे." "मग हेच पुढे चालवा की. वाडवडिलांनी लावलेला नंबर, त्यात आज भांडण कसलं?" बोडखे म्हणाले, "आवो काकू, आप्पांनी बैल इकून चार वर्सं झाली! पोळ्याला ते शेजाऱ्याची जोडी हाकत्यात." यावर कोरडेआप्पा, वयाने सर्वांत वडील, पागोटे सारखे करीत म्हणाले, "शंकर, बैल इकले. मान न्हाई इकला." चिंचेखाली असा हशा जाहला की बोडखेही हसले, आणि तह ठरला. झुंबर सरदारांनी विहिरीविहिरीवर जाऊन खुंट्या फिरविल्या आणि डीपीवरची जाड तार काढून खरा फ्यूज बसविला.

दुसरे दिवशी वीज आली आणि आम्ही अंगणात उभे राहून ऐकिले. आधी आप्पांची मोटार खाकरली, मग बोडख्यांची, मग तिसरी, मग चौथी, जसे काही बैल झुली घालून तोरणाखालून निघाले. दिवा हलला नाही. पेटी ओरडली नाही, तिच्यावर हिरवा ठिपका स्थिर होता. आणि मग आम्ही टेबलाशी बसलो आणि एक अक्षर लिहवेना. वीज होती, ठसा होता, आणि सांगावयास निमित्त उरले नव्हते. आम्ही कोण निकाल देणार? जन्मभर दुसऱ्यांची पुस्तके फडताळात लाविली, स्वतः एक ओळ छापविली नाही. "अति उत्तम" असे लिहिले, पुसले. "यथामति" असे लिहिले, तेही पुसले. जतन करणे आम्ही नवीन शिकलो होतो, पुसणे पहिल्यापासून येत होते. असे पुष्कळ दिवस गेले, नवरात्र बसले, आणि कुमुदिनीबाई क्रोशाचे वस्त्र हातात घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आता लाइट जात नाही. तुम्हीही उठून जाऊ नका." मग आम्ही लिहिले. लिहिले की, "श्रीनिवास, छाप. परंतु पहिली दोन प्रकरणे काढून टाक, त्यांत तू साहेब आहेस. ग्रंथ तिसऱ्यापासून सुरू होतो, जेथे कालव्यात पहिले पाणी सोडले आणि तुझी आई अनवाणी कोरड्या पात्रातून पाण्याच्या पुढे पुढे चालत गेली आणि मागून पाणी आले तरी वळून पाहिना. ते प्रकरण वाचताना येथे वीज गेली तेव्हा आम्ही कंदील लावून पुढे वाचले. माझ्यावरचे प्रकरण राहू दे. मी तितका नाही, पण वाचून बरे वाटले." आणि जतन केले.

दसऱ्यास पाच दिवस होते. सकाळची एसटी गाठून खलिता स्पीड पोस्टाने टाकावा म्हणून छपाईयंत्र सुरू केले, आणि अक्षरे बोराएवढी म्हणून पाने पुष्कळ, आणि दुसरे पान अर्धे बाहेर आले तों शेताची वीज आली आणि दिवा लाल जाहला, पेटी टीं टीं करू लागली, छपाईयंत्राने पान दातांत धरून ठेविले. कान दिला तर आप्पांची आणि बोडख्यांची अशा दोन्ही मोटारी एकदम. बोडख्यांनी खुंटी मागे घेतली होती. एरवी आम्ही माहितीपत्रक उघडले असते. त्या दिवशी चपला न घालता बांधावरून निघालो आणि विहिरीवर जाऊन उभे राहिलो, आणि बोलताना आवाज फुटला तो आमचा आम्हांस ओळखू आला नाही. "शंकरराव, मोटार बंद करा!" ते म्हणाले, "का वो मास्तर, कोन मेलं?" आम्ही म्हणालो, "मरणार आहे. एका माणसाचं जन्माचं पुस्तक. त्याला दिसत नाही. मोठ्या अक्षरांत उत्तर गेलं नाही तर तो ते छापणार नाही, आणि दोष माझा असेल, विजेचा नाही." आणि सगळी हकीकत सांगितली, एकही व्होल्ट न घालता. शंकरराव आमच्या अनवाणी पायांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मंग हे आधी न्हाई का सांगायचं? आमाला वाटलं तुमाला गेम खेळायची आसंल." आणि स्टार्टरचे लाल बटण दाबले. मग म्हणाले, "माझीच कशापायी? थांबा." आणि दोन्ही हात तोंडाशी धरून बांधाबांधांवर आरोळी दिली, "ए, मास्तरांचं छापून व्हतंय! मोटारी बंद ठिवा रं, काकू पंचा हालवीस्तवर!" आणि एकेक मोटार निवत गेली, आधी सुरू होण्याचा ज्यांचा मान त्या कोरडेआप्पांची तर सर्वांत आधी, आणि मळ्यात पाखरे ऐकू येऊ लागली. पाने एकामागून एक निघाली, काळीभोर, स्वच्छ. कुमुदिनीबाईंनी गच्चीवर जाऊन आमचा ओला पंचा हलविला, आणि बोडख्यांनी खुंटी आपल्या मानाच्या मिनिटावर पुन्हा आणिली. ही गोष्ट झुंबर सरदार हल्ली आपल्या नावावर सांगतात.

येणेप्रमाणे या राज्यात संगणक राखिला गेला. पेटीने राखिला, मिठाकोळशाच्या खड्ड्याने राखिला, आठ खुंट्यांनी राखिला, आणि ज्यांना आम्ही पाच महिने शत्रुपक्ष समजत होतो त्यांनी राखिला. चुकले असेल ते आमचे, वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे. एसटी मिळाली. पोस्टात खिडकीवरच्या बाईंनी पाकीट तोलले आणि विचारिले, "काका, आत काय आहे?" आम्ही म्हणालो, "उत्तर." त्यांनी त्यावर शिक्का मारिला, आणि खलिता रवाना जाहला.