कॅप्टन धूमकेतूची मिशी

दादाभाऊने नव्या घराच्या हॉलमधली सगळ्यात मोठी भिंत मोकळी सोडली होती आणि ती कुणासाठी सोडली आहे, हे बायकोला सांगायची त्याची छाती होत नव्हती. प्रांजलला तिथे काचेचं शोकेस हवं होतं. आईला, म्हणजे सारजाबाईला, देव्हारा हवा होता. दादाभाऊला हवा होता कॅप्टन धूमकेतू.

पेठला घर, मंचरला ठिबकच्या पाइपांचं दुकान, चाळिशीला टेकलेलं वय आणि शर्टाची बटणं ताणणारं पोट असा हा गडी रोज टीव्हीवर कॅप्टन धूमकेतू बघत जेवायचा. डोक्यावर लालभडक शिरस्त्राण, डोळ्यांवर निळा मुखवटा, मुखवट्याला वरून जाड काळी कड, खांद्यावर निळी झूल. त्याने जग वाचवलं की मगच दादाभाऊ ताक प्यायचा.

एक दिवस जुन्नरहून अन्सारचा फोन आला. त्याचं खेळण्यांचं दुकान होतं.

"दादाभाऊ, आला राव तुझा माणूस. पण तुकड्यांत आलाय."

खोक्यात एकमेकांत टक्कन बसणारे प्लास्टिकचे बारके ठोकळे होते. ते जोडून आडव्या पट्ट्या करायच्या, पट्ट्या एकीखाली एक लावायच्या, की भिंतीवर अख्खा कॅप्टन उभा.

"हे काय?" प्रांजलने विचारलं.

"शोपीस."

"मी शोकेस म्हणले व्हते."

"शोकेसमधी शोपीसच ठेवत्यात ना? मी डायरेक शोपीसच आणला."

प्रांजलने पदर खोचला. "रविवारी आप्पा येणारेत. वर्षानं येतायत. तवर हा पसारा उचलला न्हाई, तर तुमचा शोपीस उकिरड्यावर शोधावा लागंल."

आप्पा म्हणजे मढचे राघू, दादाभाऊचे सासरे. घरभरणीच्या आहेरात मिळालेला टॉवेल कमरेला पुरेना म्हणून ते जे रुसले, ते आता कुठे यायला तयार झाले होते. त्यांच्यापुढे हॉल नीट दिसायलाच हवा होता. दादाभाऊने दुकान नोकराच्या हवाली केलं आणि फरशीवर मांडी ठोकली.

"तुजा बाप तुज्या वयात मेंढरं घिऊन घाट उतरायचा," सारजाबाई म्हणाली. "तू बस ठोकळं लावत."

रंग निवडायला भांडी लागतात. लाल ठोकळे ताटात, काळे पातेल्यात आणि निळे परातीत असे त्याने वेगळे केले, आणि चहा प्यायला ओट्यावर गेला. तेवढ्यात सारजाबाईला भाकरी थापायची होती. तिने परात उचलली, अंगणात नेऊन उकिरड्यावर झटकली, धुतली आणि पिठाचा गोळा घेतला.

"आई, परातीतलं निळं कुठंय?"

"त्ये व्हय? मला वाटलं रेशनच्या तांदळातलं काय निघालं."

दादाभाऊ काठी घेऊन उकिरड्यावर गेला. तिथे कोंबड्या आधीच कामाला लागल्या होत्या. त्याला मूठभर ठोकळे मिळाले, तेही असे की हातात धरवेनात. त्याने अन्सारला फोन लावला.

"सुट्टं निळं न्हाई भाऊ. पांढरं हाय आन् मातकट हाय. लागलं तर सांग."

"अरं, मुखवटा मातकट कसा करू?"

"उन्हात फिरून रंग गेला म्हण. हिरो हाय ना, घरात थोडाच बसतो?"

इलाज नव्हता. मुखवटा मातकट झाला आणि चेहऱ्याच्या रंगात असा मिसळला, की मुखवटा म्हणून उरलाच नाही. झूल पांढरी झाली. तरी वरची जाड काळी कड होती, तेवढ्यावर कॅप्टन ओळखू येईल असं दादाभाऊने मनाला समजावलं. पट्ट्या उचलताना ठोकळे गळायला लागले, तेव्हा त्याने प्लंबिंगचा गोंद आणला. एकदा लागला की पाइप फुटेल पण जोड सुटणार नाही, असं तो स्वतःच गिऱ्हाइकांना सांगत असे.

रविवारी सकाळी शेजारचा गोरख मदतीला आला. दादाभाऊ शिडीवर चढला, गोरख खालून पट्ट्या द्यायला लागला. शेवटची पट्टी चिकटवून दादाभाऊ खाली उतरला, चार पावलं मागे गेला आणि डोळे चोळायला लागला.

गोरखने दोन पट्ट्यांची अदलाबदल केली होती. डोळ्यांवरची काळी कड नाकाखाली गेली होती आणि ओठांची पट्टी कपाळावर. नाकाखाली झुपकेदार मिशी आणि कपाळाला एक लांब आठी. लाल शिरस्त्राणाचं झालं होतं मुंडासं आणि पांढऱ्या झुलीचा सदरा.

"गोरख, ह्ये काय केलं?"

"काय झालं? माणूस झ्याक दिसतोय की. कोण हाय?"

दादाभाऊने पट्टी ओढून बघितली. भिंतीचा रंग निघाला, पट्टी निघाली नाही.

तेवढ्यात प्रांजल बाहेर आली. ती भिंतीकडे बघतच राहिली. मग तिचे डोळे भरले. "अगं बाई! आप्पा! म्हणून सांगत नव्हता व्हय मला?"

ऐन पाहुणे यायच्या वेळी सापडलेल्या या गैरसमजात दादाभाऊला पहिल्यांदाच थोडा उजेड दिसला. तो गाडी काढून फाट्यावर सासऱ्यांना आणायला गेला.

राघूआप्पा मागे बसले आणि दादाभाऊच्या खांद्यावर हात ठेवून मऊ आवाजात म्हणाले, "प्रांजलनं फोन केला व्हता. मला भितीवर लावलं म्हनं पावण्यानं."

"आता... तुमच्या मानानं काहीच न्हाई, मामा," दादाभाऊ म्हणाला आणि गाडी खड्ड्यात घातली.

दोघं घरात शिरले. भिंतीवर झेंडूचा भला मोठा हार लटकत होता. खाली उदबत्ती जळत होती. प्रांजल आत मटणाच्या रश्श्यात गुंतली होती, तिला यातलं काही माहीत नव्हतं. कपाळावरच्या आठीला कुंकू लागलं होतं आणि सारजाबाई हात जोडून डोळे टिपत होती.

राघूआप्पांनी हाराकडे पाहिलं. मिशीकडे पाहिलं. स्वतःच्या मिशीला हात लावला.

"म्या कवा मेलो?"

"तुमी कशाला मराल इवाईबुवा?" सारजाबाई म्हणाली. "ह्ये आमचं मामंजी हायेत. पोराचा आज्यावर लई जीव व्हता."

"मामंजी? ही मिशी माजी हाय, इहीनबाई. पार मढपत्तुर कुनालाबी इचारा."

"मामंजींची ह्याच्यापरीस मोठी व्हती!"

"मंग ही त्यांची न्हाईच की!"

मग दोघंही दादाभाऊकडे वळले. "तूच सांग. कोण हाय ह्यो?" आईने विचारलं.

एका बाजूला आई, एका बाजूला सासरा आणि मध्ये आवाज ऐकून बाहेर आलेली, डोळे वटारलेली प्रांजल. कोणतंही नाव घेतलं तरी एक माणूस उपाशी उठणार होता. दादाभाऊला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, की खरं बोलणंच सगळ्यात सोपं आहे.

"हा कॅप्टन धूमकेतू हाय."

"कुठला म्हनायचा?" राघूआप्पांनी विचारलं.

"दुसऱ्या ग्रहावरचा. उडतो. जग वाचवतो."

"मिशी ठिऊन?"

"मिशी चुकून आली."

राघूआप्पांनी प्रांजलला बाजूला घेतलं. "ह्यो उन्हात लई फिरतो का गं?" मग स्वतःच हसले. "न्हाई न्हाई, लाजतोय त्यो! सासऱ्याचा मान केला, पर त्वांडानं सांगवत न्हाई. लई गुनाचा हाय."

"आन् आज्याचं नाव घेतलं तर सासऱ्याला वाईट वाटंल, म्हनून झाकतोय," सारजाबाई हळूच म्हणाली. तिलाही पोराचं कौतुक वाटलं.

राघूआप्पांनी भिंतीवरचा हार उतरवला आणि स्वतःच्या गळ्यात घातला. हार जित्त्या माणसाच्या गळ्यात शोभतो, असं म्हणून ते तसेच जेवायला बसले आणि मटणाचा रस्सा दोनदा मागून प्यायले.

दुपारी घर सुस्तावलं. राघूआप्पा हॉलमधल्या कॉटवर आडवे झाले होते. तोंडावर उपरणं होतं आणि घोरणं ऐकू येत होतं. दादाभाऊ चवड्यांवर चालत भिंतीपाशी गेला. त्या मिशीच्या आड आपला कॅप्टन कुठे सापडतो का, हे त्याने बराच वेळ शोधलं. हनुवटी तेवढी त्याची होती. दादाभाऊला भरून आलं. त्याने मान खाली घातली आणि पुटपुटला, "सॉरी, कॅप्टन."

कॉटवरचं घोरणं थांबलं. उपरणं बाजूला झालं.

"असू द्या, असू द्या," राघूआप्पा म्हणाले. "सॉरी कशापायी म्हनता?"

आप्पा उठून बसले, मिशीला पीळ दिला आणि तो शब्द तोंडात घोळवून बघितला.

"कॅप्टन. ब्येस वाटतंय. आता मामा नका म्हनू, ह्येच म्हना."

आता मढला एसटीच्या थांब्यावर कुणी "राघूआप्पा, कुठवर?" असं विचारलं, की ते आधी त्याची चूक सुधारतात आणि मगच एसटीत चढतात.