परब सरांची चुकलेली खूण

परब सरांनी मला एकदा माझंच चालणं दाखवलं आणि त्यानंतर तीन दिवस मी घराबाहेर पडले नाही.

झालं असं, की मी भाजी घेऊन सोसायटीच्या गेटमधून आत येत होते. सर बाकावर टॅब धरून बसले होते. मला वाटलं, पेपर वाचत असतील. मी जवळ पोचताच त्यांनी टॅब माझ्याकडे वळवला. त्यात एक जाडजूड बाई गुडघाभर पाण्यातून चालल्यासारखी हळूहळू येत होती. तिच्या दोन्ही पायांवर लाल रेघा होत्या आणि गुडघ्यापाशी एक पिवळा आकडा.

"ही कोण?" मी विचारलं.

"तुम्हीच. स्लो मोशनमध्ये. बाई, तुमची डावी टाच बाहेर पडते."

मी हादरलेच. इतकी वर्षं मी बऱ्यापैकी डौलात चालते असा माझा समज होता.

कांदिवलीच्या एका शाळेत आम्ही सव्वीस वर्षं एकत्र होतो. मी भूगोल शिकवायचे, सर पीटी. सर निवृत्त झाले, पण मैदान काही सुटलं नाही. शाळेच्या सहा-सात मुलींना ते अजून रोज सकाळी लांब उडी शिकवतात. लग्न केलेलं नाही, माझ्याच इमारतीत तळमजल्यावर एकटेच राहतात, आणि त्यांच्या घरात खुर्च्यांपेक्षा बूट जास्त आहेत.

पूर्वी त्यांचं शिकवण्याचं साधन म्हणजे शिट्टी आणि गळा. चिडले की थेट मालवणीत घुसायचे. "अगो, उडी मारतंस काय निजतंस?" हा आवाज तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या वर्गात यायचा आणि अख्खा वर्ग नद्यांची नावं विसरायचा. मुली रडायच्या. सर म्हणायचे, "रडू दे. वाळूत पाणी मुरतं."

मग गेल्या वर्षी एका मुलीने त्यांना ते अ‍ॅप दाखवलं. उडीचा व्हिडिओ काढायचा, हवा तिथे थांबवायचा, पायांवर रेघा मारून कोन मोजायचे, दोन उड्या शेजारी शेजारी ठेवून बघायच्या. सरांना वेडच लागलं. "डोळा फसवतो, बाई," ते दिसेल त्याला पकडून सांगायचे. "चाळीस वर्षं मी डोळ्यावर विसंबलो. येडा होतो मी."

मुलींपुरतं राहिलं असतं तर ठीक. पण सरांनी वॉचमनचं खुर्चीतून उठणं रेकॉर्ड केलं आणि त्याला कमरेचे व्यायाम लावले. डोसेवाल्याच्या मनगटाचं कौतुक केलं, ते इतका वेळ की डोसा करपला. माझ्या भाचीच्या लग्नात नवरदेवाने हार घालायला उडी मारली, तर सगळे टाळ्या वाजवत असताना सर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "टेक-ऑफ लवकर घेतला. चवड्यांवर जोर नाही पोराच्या." वर भाचीच्या सासऱ्यांना तो व्हिडिओ दाखवलासुद्धा! मला कुठे तोंड लपवू असं झालं.

असे हे परब सर एका रविवारी सकाळी माझ्या दारात उभे राहिले, आणि मी त्यांना ओळखलंच नाही म्हटलं तरी चालेल. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं चुकलेली, चेहरा पांढराफटक.

"बरं नाही का, सर?"

"बाई, वैशाली आठवते तुम्हाला? वैशाली तांडेल?"

आठवत होती. दहावी ब. तिची वर्गशिक्षिका मीच होते. लांब हातापायांची, अबोल मुलगी. शाळेला इतकी लांब उडी मारणारी मुलगी त्याआधी मिळाली नव्हती, नंतरही नाही. आंतरशालेय स्पर्धेच्या अंतिम फेरीत तिचा पाय तिन्ही वेळा उडी घ्यायच्या फळीच्या पुढे पडला, तिन्ही उड्या फाउल. सर सगळ्या मैदानासमोर तिच्यावर ओरडले. त्यानंतर ती मैदानावर फिरकली नाही.

"तिचं काय?"

सर आत आले, बसले आणि टॅब माझ्या मांडीवर ठेवला. त्या दिवसाच्या उड्या कुणा पालकाने व्हिडिओ कॅमेऱ्याने शूट केल्या होत्या. ती कॅसेट सरांनी जपून ठेवली होती. आता हल्लीच्या मुलींना दाखवायला म्हणून त्यांनी ती टॅबवर आणली आणि अ‍ॅपमध्ये तिन्ही उड्या शेजारी शेजारी लावल्या.

"बघा. ही पहिली. पाय फळीच्या पुढे. किती?"

"चार बोटं असेल."

"ही दुसरी?"

"तेवढीच."

"तिसरी?"

मी बघत राहिले. तिन्ही चौकटींत तोच पाय, तीच जागा. एक केसाचा फरक नव्हता.

"सतरा पावलं पळत येऊन पोरगी तिन्ही वेळा एकाच जागी पाय टाकते, बाई! चुकत असती तर एकदा इथे पडला असता, एकदा तिथे. ती चुकतच नव्हती." सरांचा आवाज फाटला. "पळायला सुरुवात कुठून करायची ती खूण मी आखली होती. ती खूण चार बोटं पुढे होती. पहिल्या फाउलनंतर ती मला म्हणाली, सर, खूण मागे घेऊ का? मी म्हटलं, खूण बरोबर आहे, तूच भित्री आहेस. तीन वेळा म्हटलं."

सव्वीस वर्षांत या माणसाने स्वतःची चूक झाली असं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. त्यांना वैशालीचा पत्ता हवा होता. आठ दिवस झोपले नव्हते म्हणाले.

जुन्या विद्यार्थिनींकडून तिचा नंबर मिळाला. ती मुलुंडला राहत होती, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करत होती. मी फोन केला, सरही येताहेत हे मात्र सांगितलं नाही, आणि त्याच दुपारी लिंक रोडने रिक्षा करून आम्ही तिच्याकडे गेलो. वाटेत सरांनी कुणाच्याही चालण्याकडे पाहिलं नाही.

वैशालीने दार उघडलं. केस पांढरे व्हायला लागलेले, बाकी तशीच लांब, अबोल. "या बाई," म्हणाली. मग माझ्या मागे पाहिलं आणि नकळत सरळ उभी राहिली. "सर?"

"मी बसणार नाही," सर दारातूनच म्हणाले. "आधी सांगतो. त्या दिवशी खूण माझी चुकली होती. तू बरोबर होतीस. तिन्ही वेळा."

ती बघतच राहिली. मला वाटलं हसेल, नाहीतर दार लावून घेईल. तिने फक्त विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

सरांनी टॅब दाखवला. रेघा, आकडे, चार बोटं, सगळं समजावलं. ती लक्ष देऊन ऐकत होती. सर फळीवरचा पाय दाखवून नेहमीसारखा व्हिडिओ थांबवायला गेले, तर तिने त्यांचा हात हलकेच बाजूला केला.

"पुढे जाऊ दे ना, सर."

सर गोंधळले. त्यांनी शेकडो वेळा तो व्हिडिओ पाहिला होता, पण पायापर्यंतच. पुढचं कधी पाहिलंच नव्हतं.

व्हिडिओ पुढे सरकला. पंधरा वर्षांची वैशाली वाळूतून उठली. फाउलचा लाल झेंडा वर गेला. तिने गुडघ्याची वाळू झटकली नाही, रडलीसुद्धा नाही. मान वळवून ती एका बाजूला बघत राहिली. पडद्याच्या त्या कोपऱ्यात परब सर होते, काळ्या केसांचे, ताठ. हात उडवून काहीतरी ओरडले आणि पाठ फिरवून चालायला लागले. मुलगी बघतच होती. सर पडद्याबाहेर गेले, तरी बघत होती. मग व्हिडिओ संपला.

"मला फाउल आठवत नाहीत, सर," वैशाली म्हणाली. "हेच आठवतं. मला वाटलेलं, तुम्ही परत वळाल."

परब सर खाली बसले. खुर्ची शेजारी होती, पण ते जमिनीवरच बसले. वैशाली आत गेली. भांड्यांचा आवाज आला. बऱ्याच वेळाने ती चहा घेऊन आली आणि तीही खाली बसली. मी आपली दोघांकडे आळीपाळीने बघत होते. चहा संपल्यावर तिने विचारलं, "अजून शिकवता?" सरांनी मान डोलावली. "ओरडता?" सर म्हणाले, "ओरडतो गो." मग रिकामा कप खाली ठेवून, "पण पाठ नाही फिरवणार."

निघताना ती आम्हाला सोडायला खाली गेटपर्यंत आली. रिक्षा समोरच्या बाजूला उभी होती. मी चालायला लागले. मागून काहीतरी धडपडल्याचा आवाज आला म्हणून वळून पाहिलं, तर परब सर उलट्या पावलांनी येत होते. तोंड वैशालीकडे, हात मागे चाचपडत. एका स्कूटरला धडकले, माफी मागितली ती स्कूटरचीच, आणि तसेच मागे मागे येत राहिले.

"सर, मागे बघा! पडाल!" वैशाली गेटमधून ओरडली.

सरांनी बघितलं नाही. पाठीला रिक्षा लागेपर्यंत ते तसेच आले, आणि ती तोंडावर हात धरून हसत होती, डोळे पुसत होती, पुन्हा हसत होती.