गजाननभाऊंचं धुळीशी वैर

गजाननभाऊंच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी ‘या, बसा’ म्हटलं नाही. आधी माझ्या डोक्यावर जाळीची टोपी चढवली, मग हातमोजे दिले आणि उंबऱ्याच्या आतल्या चिकट चटईवर मला चार पावलं चालवलं. मी त्यांचा नवा शेजारी, पेढे घेऊन भेटायला गेलो होतो. पेढे बाहेरच राहिले. मी इतका हबकलो होतो की घरी येऊन बायकोला काय सांगावं तेही सुचेना.

रिसोडमध्ये, सोयाबीनच्या हंगामात, धुळीशी वैर धरायचं म्हणजे कमाल आहे. मळणीयंत्रं सुरू झाली की आमच्याकडे चहावर साय धरावी तशी धूळ धरते. भाऊ खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी लावून आत बसतात. मी एकदा विचारलं, एवढं काय असतं हो धुळीत? तीस वर्षं बाहेर राहूनही न सुटलेल्या वऱ्हाडीत ते म्हणाले, “सर, एका कणानं आख्खी मशीन बसते.”

ही मशीन म्हणजे कण पळवायचं यंत्र. दूरच्या एका प्रयोगशाळेत भाऊ त्यावर संशोधन करत. नायोबियम नावाच्या धातूची पोकळ भांडी घडवायची आणि ती उणे दोनशे एकाहत्तर अंशांपर्यंत गार करायची. मग त्या धातूत वीज जवळजवळ विनाअडथळा वाहते, आणि भांड्यांच्या रांगेतून अणूपेक्षाही बारीक कण भयंकर वेगानं पळवता येतात. आत धुळीचा एक कण राहिला तर भांडं तापतं आणि सगळं बंद पडतं. मी शाळेत मराठी शिकवतो. मला यातलं भांडी धुणं तेवढं नीट समजलं. तसं बोलूनही दाखवलं, तर भाऊ म्हणाले, जन्मभर मुख्य काम तेच होतं. मी पुन्हा थक्क.

गावानं मात्र ‘गार करणारा माणूस’ एवढाच अर्थ घेतला. आठ दिवसांत त्यांच्या अंगणात तीन बिघडलेले फ्रीज येऊन उभे राहिले. भाऊंना एकही दुरुस्त करता आला नाही. पण तिन्ही त्यांनी आतूनबाहेरून असे धुऊन दिले की मालकांना आपला कुठला ते ओळखू येईना.

गेल्या दिवाळीआधी भाऊ मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी अकोल्याला गेले आणि किल्ली माझ्याकडे देऊन गेले. नळ आला की टाकी भरायची, एवढंच काम. मी रीतसर टोपी-मोजे चढवून आत गेलो, तर स्वयंपाकघराच्या फळीवर एक पितळी डबा दिसला. अख्ख्या घरात तेवढाच मळका. झाकणावर वाळलेलं पीठ, वर धूळ. म्हटलं, मोतीबिंदूमुळे दिसलं नसणार. ओल्या फडक्यानं झाकण घासून लख्ख केलं आणि शाबासकीची वाट पाहत बसलो.

चार दिवसांनी भाऊ काळा चष्मा लावून आले. फळीपाशी थांबले. मग हातमोजा काढून त्यांनी उघड्या हातानं झाकण चाचपलं. त्यांचा उघडा हात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

“तुमी पुसलं?”

मी हसत हो म्हणालो.

“बाईची बोटं व्हती त्याच्यावर.”

बाई म्हणजे त्यांची मोठी बहीण द्वारकाबाई. आईमागं भाऊंना तिनंच वाढवलं, शिकवलं. हे घर तिचंच. दोन वर्षांपूर्वी सकाळी भाकरी करायला बसली आणि दुपारी गेली. निरोप पोचला तेव्हा यंत्र गार करायला घेतलं होतं. त्याला कित्येक दिवस लागतात. भाऊ ते सोडून निघाले नाहीत. आले तेव्हा राख सावडून झाली होती. डब्याच्या झाकणावर तेवढी पिठाची पाच बोटं उरली होती. त्यानंतर नोकरी सोडून ते इथंच राहिले.

मला फार लाज वाटली.

“फडकं कुठं हाय?” भाऊंनी विचारलं.

मी मोरीकडे बोट दाखवलं. दांडीवर ते वाळून कडक झालं होतं.

“धुतलं त नाई ना?”

नव्हतं धुतलं. निव्वळ आळसानं. जन्मात प्रथमच मी माझ्या आळसाचे उपकार मानले.

भाऊंनी ते मळकं फडकं दोन्ही हातांनी अलगद उचललं. प्रयोगशाळेतून आणलेल्या स्वच्छ पिशवीत ठेवलं, तिच्यावर दुसरी पिशवी चढवली आणि तोंड चिकटवून टाकलं. मग ती पिशवी डब्यात ठेवली आणि उघड्या हातानं झाकण लावलं.