चार म्हशींना सारखा न्याय

लेकाच्या, केतनच्या साखरपुड्याला श्रीखंड घरचंच, असं मालननं व्याह्यांना दोनदा बजावलं होतं. आणि साखरपुड्याच्या आदल्या सकाळी लालबागच्या चाळीत पंधरा लिटर दूध पातेल्यात डुचमळत होतं. विरजण काल संध्याकाळीच लावलेलं, दह्याचा पत्ता नाही.

"नजर लागली," शेजारची शेवंता म्हणाली. "सांगत सुटलीस ना गावभर!"

"ह्याच विरजणाचं हे पिशवीतलं दूध बघ." मालननं वाटी उपडी केली. दही जागचं हललं नाही.

"मग दूधवाल्या दौलतनं पाणी घातलं."

"पाणी घातलं तर दही पातळ लागतं. पण लागतं!"

दौलत दारातच होता, सकाळचा रतीब घेऊन. पनवेलकडे त्याच्या चार म्हशी. "मावशी, थेंब नाय पाण्याचा. म्हशींची शपथ!"

"मग दुधात घातलंस काय?"

"दुधात काय नाय. म्हशीत..." तो घुटमळला. "एकीची कास सुजलेली. दुकानातनं इंजेक्शन आणून टोचलं. मग बाकीच्या तिघींना पण."

"त्यांना काय झालेलं?"

"काय नाय. पण एकीला दिलं नि तिघींना नाय, बरं दिसतं काय?"

"मेल्या, प्रसाद आहे तो? लाव फोन गुरांच्या डॉक्टरला!"

डॉक्टरांनी फोनच्या स्पीकरवरून आधी दौलतला झोडपलं, मग समजावलं. "अहो, औषध दुधात उतरतं. ते जंतू मारतं, आणि विरजण म्हणजे तरी काय? जंतूच, पण गुणाचे. धडधाकट जनावरांना असं टोचत बसलात, तर खऱ्या आजाराला औषध लागू पडायचं नाही. जनावरांच्याही आणि आपल्याही."

मालन पातेल्याकडे बघतच राहिली. तीस वर्षं ती 'माझ्या हाताचं दही' म्हणून मिरवत होती. हात कसला! चमचाभर विरजणात न दिसणारे कोट्यवधी जीव, झाकणाखाली गुपचूप राबणारे. कधी कुणाला दिसले नाहीत, आणि आज मेले तेव्हा कळलं की होते. तिनं नकळत पातेल्याला हात जोडले.

"बासुंदी कर," शेवंता म्हणाली. "आटवलं की जातं सगळं."

"उकळून औषध जात नाही, बाई," फोन म्हणाला.

दौलतनं पातेलं उचललं आणि मोरीत रिकामं केलं. पाठोपाठ किटलीही.

"अरे, तो लोकांचा रतीब!"

"त्याच चौघींचा हाय, मावशी."

मोरीतून पांढरा ओहोळ निघाला. आख्खी गॅलरी बघायला जमली. शेवंतानं वरून बादलीभर पाणी ओतलं.

साखरपुड्याला श्रीखंड हलवायाकडचं आलं. मालननं मान खाली घालून ठाकूरद्वारच्या विहीणबाईंना, कमलाबाईंना, सगळं सांगून टाकलं. कमलाबाईंनी चमचा खाली ठेवला.

"स्वतःच्या हातानं ओतलं त्यानं?"

"हो."

"मग उद्यापासून आमच्याकडे त्याचाच रतीब!"

मालननं तिथूनच फोन लावला.

"उद्या नाय जमणार, मावशी," दौलत म्हणाला. "डॉक्टर सांगतील तेव्हाच. तोवर एकीचंही दूध नाय विकायचं."

मालननं निरोप सांगितला. कमलाबाई आधी कौतुकानं हसल्या. मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलला.

"आमच्या दूधवाल्याच्या म्हशी," त्या पुटपुटल्या, "वीस वर्षांत एकदाही आजारी पडल्या नाहीत हो. त्याचा रतीब एक दिवसही बंद नव्हता."