कपाटाला कडा असतात

"अहो, तुम्ही दार मोजलंच नाही?" बायकोनं कपाटाच्या पलीकडून विचारलं.

नवं कोरं कपाट खोलीच्या दारात तिरकं रुतून बसलं होतं. आत प्राध्यापक, बाहेर बायको, सासूबाई आणि मेहुणा.

"भिंत मोजली की! दाराचं डोक्यातच आलं नाही. आमच्या सिद्धांतात अणूच्या गाभ्यातला पदार्थ अनंत धरतात गं. त्याला कडाच नसतात."

"आमच्या घराला आहेत!"

त्या अनंत पदार्थापायी प्राध्यापकांचे केस पिकले, पण नोकरी हंगामीच राहिली. आज अकराला परगावच्या संस्थेत कायमच्या जागेसाठी मुलाखत होती, लॅपटॉपवर. लॅपटॉप बाहेर, इस्त्रीचा शर्टही बाहेर! शेवटी बायकोनं शर्ट वरच्या फटीतून आत फेकला आणि लॅपटॉप कपाटाच्या माथ्यावर टेकवला. प्राध्यापक स्टुलावर चढले. खाली बर्म्युडाच होती, पण ती कोण बघतंय?

मुलाखत सुरू झाली. मेहुण्याला कुठला धीर! त्यानं कपाटाला खांदा लावला.

"तुमच्याकडे भूकंप होतोय का?" निवड समितीच्या अध्यक्षबाईंनी घाबरून विचारलं.

"नाही, मेहुणा आहे."

"बरं. तुमचा सिद्धांत सोप्या शब्दांत सांगा."

सोपे शब्द प्राध्यापकांना कधी जमले नव्हते. गेली नोकरी, असं वाटत असतानाच बाहेरून बायको कडाडली, "अरे, आत काय ढकलतोयस? मी बाहेर ओढतेय ना!"

"हेच!" प्राध्यापक ओरडले. "हाच माझा सिद्धांत! एक प्रचंड जोर आत, दुसरा प्रचंड जोर बाहेर. दोघं एकमेकांना जवळजवळ खाऊन टाकतात. उरतो तो एवढासा, आणि तेवढ्यावर अणूचा गाभा टिकतो!"

"कसला टिकतोय!" सासूबाईंनी पदर खोचला. "सगळे एकाच बाजूनं रेटा की रे!"

कपाट धाडकन आत आलं. प्राध्यापक पलंगावर आडवे झाले आणि लॅपटॉप त्यांच्या पोटावर. निवड समितीला आधी छत दिसलं, मग बर्म्युडा.

"इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं हो," अध्यक्षबाई डोळे पुसत म्हणाल्या. "जागा तुमची. सोमवारी बिऱ्हाड घेऊन या."

प्राध्यापकांना रडूच फुटलं. बायकोनं आत येऊन त्यांचा हात धरला. मग तिची नजर कपाटावर गेली.

"बिऱ्हाड म्हणजे... हेसुद्धा न्यायचं?"

"न्यायचंच. या वेळी मी दार मोजतो ना!" प्राध्यापक उत्साहानं उठले. "मेहुणे, टेप आणा बरं!"

मेहुणे केव्हाच पसार झाले होते.