सिदाप्पांचा एकसंध झेंडा

सिदाप्पांच्या अंगावर शिवलेलं कापड बघितलंय असं सांगणारा माणूस आमच्या विणकरांच्या वडगावात शोधून सापडला नसता. कमरेला धोतर, खांद्यावर उपरणं, डोक्याला पटका, आणि थंडी पडली की वर एक जाड चादर. सदरा नाही, बंडी नाही, टोपी तर नाहीच नाही. "इणकर धा दिस माग मारून कापड एक करतो," ते म्हणायचे, "आणि शिंपी येतो, कातरी लावून त्येचं आठ तुकडं करतो, परत तेच जोडून पैसं मागतो! ह्येला काय धंदा म्हणायचा?" आणि मग त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "जोड न्हाय पायजे!"

हे वेड कापडापुरतं असतं तर आम्ही खपवून घेतलं असतं. पण हा बाबा लग्नाच्या पंगतीत पत्रावळीवर जेवायचा नाही, का तर ती काड्यांनी टाचलेली. यजमानानं त्यांच्यासाठी केळीचं पान शोधत गावभर हिंडायचं. एकदा माग चालवायला पाय सोडून बसतात त्या खड्ड्यात उतरताना घसरले आणि नडगी फुटली. डॉक्टर म्हणाले, चार टाके घालावे लागतील. टाके म्हटल्याबरोबर आप्पा जे उठले ते रक्त गळत्या पायानं थेट घरी. जखम भरायला दोन महिने लागले. रोज हळद मी लावायची आणि वर ऐकूनही मीच घ्यायचं, "बघ शांते, आपोआप जुळून आलं का न्हाय?"

मी त्यांची शेजारीण, भिंतीला भिंत लागून. धोट्यात बसवायच्या सुताच्या कांड्या त्यांना मीच भरून द्यायची. त्यामुळं त्यांचा तोफखाना आधी माझ्यावर सुटायचा.

आणि अशा माणसाच्या पोटी देवानं शिंपी घालावा! परशराम, एकुलता एक. आई लवकर गेली, पोरगं बापाच्या मागाशेजारीच वाढलं. विसाव्या वर्षी त्यानं माग सोडला, क्यांपात, म्हणजे लष्कराच्या छावणीत, जाऊन शिवणकाम शिकला आणि तिथंच दुकान टाकलं. आप्पांनी त्याचं नाव टाकलं ते टाकलंच, नऊ वर्षं. कुणी विचारलंच, "परशा कसा हाय?" तर उत्तर यायचं, "कोण परशा? माझ्या घरात कातरीला जागा न्हाय." आणि लगेच माग असा दणादणा मारायचे की आमच्या फडताळातली भांडी हलायची.

मग सत्तेचाळीस साल आलं. स्वराज्य येणार म्हणून गल्ली नुसती हुरळून गेली होती. मुलुखाची वाटणी होणार ही बातमी आली तेव्हा मात्र आप्पा दोन दिवस जेवले नाहीत. "शेवटी लावलीच कातरी," एवढंच बोलले.

गल्लीचे पंच बसाण्णा. त्यांनी देवळासमोर बैठक घेतली. पंधरा ऑगस्टला सकाळी झेंडावंदन करायचं आणि झेंडा क्यांपातून तयार आणायचा, असं ठरत आलं होतं. तेवढ्यात आप्पा उठले.

"कसला झेंडा? तीन पट्ट्या शिवलेला?"

"आता झेंडा तसाच असतो की आप्पा."

"इणकरांच्या गल्लीत शिवलेला झेंडा? मुलूख कापला, आता निशाणबी तुकड्यांचं? मी इणतो! एका मागावर, तिन्ही रंग एकात एक गुतवून. पंधराच्या सकाळी न्हाय दिला, तर माझा माग मोडून बंबात घाला!"

सगळे हसले. मला काही हसू आलं नाही. तो माग म्हणजे त्यांचं पोट, आणि त्या घरात त्यांच्याशी बोलायला दुसरं होतं तरी कोण!

आप्पांनी जवळच्या हुदली गावाहून हातानं कातलेलं सूत आणलं, रंगवलं स्वतःच. हिरवा पहिल्यांदा पोपटी आला, दुसऱ्यांदा काळपट. माझी न्हाणी आठ दिवस हिरवी होती, पण बोलायची सोय नाही. तिसऱ्यांदा रंग जमला आणि खरी पंचाईत पुढंच निघाली. तीन रंग एका कापडात निर्मळ उतरवायचे, म्हणजे उभ्या धाग्याचा जो रंग तोच आडव्याचाही, तर तीन धोटे लागतात. केशरी धागा पांढऱ्याच्या कडेला आला की दोघांची कडी एकमेकांत अडकवून माघारी वळवायची. गाठ नाही, शिवण नाही. पण एकट्या माणसाचे हात पुरत नाहीत, डावीकडं जोडीदार बसावाच लागतो.

गल्लीतले झाडून सगळे विणकर येऊन बसून गेले. "ह्येचा हात जड. त्येचा हात हलका. ह्यो तर हात न्हवंच, म्हशीचा पाय!" मला तर अर्ध्या तासात उठवलं. "शांते, कडी सुटली! स्वराज्य सांडलीस गं!" आठ दिवस उरले आणि कापड झालं होतं वीतभर. बसाण्णांनी शिवलेला झेंडा गुपचूप आणून ठेवलाय, हेही माझ्या कानावर आलं.

एका दुपारी कांड्या घेऊन गेले तर आप्पा मागावर नुसतेच बसलेले. डावीकडच्या रिकाम्या जागेकडं बघत होते. "बारा वर्साचा असताना हितं बसायचा," ते म्हणाले. "कधी कडी सुटली न्हाय त्येच्या हातनं." नाव घेतलं नाही. मी कांड्या तिथंच ठेवल्या आणि तडक क्यांप गाठला.

परशा मशीनवर होता. सगळं ऐकून त्यानं एकच विचारलं, "आप्पांनी बोलावलंय?"

मी डोळ्याला डोळा भिडवून ठोकून दिलं, "व्हय तर!"

त्यानं अर्धी शिवलेली विजार तशीच टाकली आणि दुकानाला कुलूप घातलं.

आम्ही दारात पोचलो. आप्पांनी मान वर केली, पोराकडं बघितलं, आणि हा आत्ताच पाणी प्यायला उठून गेला होता अशा आवाजात म्हणाले, "बस. केशरी सैल पडालंय."

सहा दिवस बापलेक मागाशिवाय दुसरं काही बोलले नाहीत. पण माग काय वाजत होता म्हणता! बायका घागरी घेऊन दारात थबकायच्या. तिसऱ्या दिवशी आप्पा मला बाजूला घेऊन म्हणाले, "खोटं बोलून आणलंस न्हवं त्येला?"

"व्हय."

"बरं केलंस पोरी."

चौदा तारखेला दुपारी कापड पुरं झालं. मागावरून उतरवायचं तर कापावं लागतंच. मी संधी सोडते होय? "आप्पा, आता कातरी कोण लावणार?"

"गप! ही नाळ असती. नाळ कापावीच लागती." आणि पातं परशाच्या हातात दिलं.

राहिलं मधलं चक्र. आधी झेंड्यावर चरखा असायचा, म्हणून आप्पांनी मागावरच विणायच्या नक्षीचं, बुट्टीचं, गणित मांडून ठेवलं होतं. मग चरख्याऐवजी चोवीस आऱ्यांचं चक्र ठरलं, आणि मागावर असा बारीक गोल उतरवायला महिना लागला असता. म्हणून आप्पांनी मध्ये कोरं सोडलं होतं, रंगानं काढू म्हणून. उरलेल्या तुकड्यावर निळा लावून बघितला तर तो फतकल मारून पसरला. बसाण्णा दारात येऊन उभे. "आप्पा, हट्ट सोडा आता. दुसरा आणून ठिवलाय."

आप्पांनी त्या कोऱ्या पट्टीवरनं हात फिरवला. मग पोराला विचारलं, "सुई हाय का रं?"

"न्हाय आणली. तुम्हास्नी चालत न्हाय म्हणून."

आप्पांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "शांते, तुझ्या घरातली सुई आण. बारीक बघून आण."

आणली. आप्पांनी कापड दोन्ही हातांनी ताणून धरलं आणि परशानं निळ्या धाग्यानं चक्र भरायला घेतलं. टाका पडला की आप्पाच कळवळायचे, "हळू रं, हळू! टोचतंय!" दिवेलागणीला चोविसावा आरा पुरा झाला. उलटं बघा, सुलटं बघा, दोन्हीकडून सारखा.

पंधराच्या सकाळी हलगी कडाडत होती, दारोदार तोरणं होती, आणि झेंडा वर गेला. वाऱ्यानं उलगडला तसे बसाण्णा कपाळावर हात धरून तिन्ही रंगांमधली शिवण शोधायला लागले. असेल तर सापडेल ना! शेजारच्या गल्ल्यांतले विणकर आ वासून बघत होते. मग असा काही गजर झाला की देवळावरची कबुतरं उडाली. उभ्या जिल्ह्यात असा झेंडा आमचाच असणार, ह्याबद्दल मला आजही शंका नाही.

बसाण्णा भाषणाला उभे राहिले. "ह्यो झेंडा आपल्या सिदाप्पांनी..."

"थांबा!" आप्पा गर्दीतून पुढं आले, परशाला मनगटाला धरून ओढत. "निम्मा ह्येनं इणलाय. आणि ते मधलं चक्र, ते सगळं ह्येचंच हाय. ह्यो माझा पोरगा, परशराम. क्यांपात शिंपी हाय." मग आणखी मोठ्यानं म्हणाले, "लई मोठा शिंपी हाय!"

परशानं तोंड फिरवलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. मीही रडत होते, सांगायला लाज कसली.

"रडतोस काय गाढवा?" आप्पा म्हणाले. त्यांचा स्वतःचा आवाज तरी कुठं धड होता! "वर बघ."