मुकं झालेलं दार

सकाळी कामावर येऊन काकांनी दार ढकललं आणि दार गप्प राहिलं. पुन्हा ढकललं. चूं नाही की चां नाही.

हे दार कुठेच जात नव्हतं. सिनेमाच्या स्टुडिओच्या तळघरात, भिंतीवाचून, नुसत्या चौकटीत उभं होतं. करकरणं एवढंच त्याचं काम. पडद्यावर कुणी चाललं, पळालं, भूतबंगल्याचं दार उघडलं, की त्याचा आवाज इथे काका काढायचे. तीस वर्षं.

"कुणी हात लावला रे याला?"

"मीच!" सुतार छाती फुगवून पुढे आला. "दोन कंपन्या एक झाल्या ना, नव्या साहेबांनी सगळं ठाकठीक करायला सांगितलंय. बिजागऱ्याच नव्या टाकल्या. काका, आता बघा कसं मऊ फिरतं!"

"आणि जुन्या?"

"भंगारात. गाडी गेलीसुद्धा."

काकांनी कपाळावर हात मारून घेतला.

कंपन्या एक होतात तेव्हा साहेबलोकांचे हसरे फोटो छापून येतात. निम्मी माणसं घरी बसतात, ते कुणी छापत नाही. पलीकडच्या कंपनीकडेही आवाजाचं खातं होतं. ठेवायचं एकच. कुठलं, ते आज दुपारी दोन्हीकडचं भुताचं दार ऐकून ठरणार होतं.

काका आणि ध्वनिमुद्रण करणारी ताई इमारतभर फिरले. बिजागऱ्यांत वाळू घातली. कपाटं, खुर्च्या, जिन्याचा कठडा, सगळं हलवून पाहिलं. सुतारानं काही म्हणता काही सोडलं नव्हतं.

"मेल्यानं अख्खी इमारत मुकी केली!" ताई म्हणाली.

पलीकडच्या कंपनीतून आलेले नवे साहेब येऊन काचेपलीकडे बसले. तिकडचा आवाज ऐकून झाला. काकांनी खोलीतला दिवा घालवला, माइक खाली ओढला.

कर्र... करर्र... कट्ट!

साहेबांच्या अंगावर काटा आला. "वा! हे दार उद्याच आमच्या इमारतीत हलवा. तिथला माणूस वाजवेल. काका, तुम्ही आता आराम करा."

"म्हणजे जिंकलं आमचं दार आणि हाकलायचं काकांना?" ताई भडकली.

"दार काय, कुणीही ढकलेल."

"ढकला की," काका म्हणाले.

साहेबांनी आत येऊन ढकललं. दार गुपचूप उघडलं, गुपचूप मिटलं.

"पाहिलंत?" सुतार खूश.

"मग तो आवाज कसला होता?" साहेबांनी विचारलं.

काका सावकाश उकिडवे बसले. कर्र. उठले. करर्र. ताठ झाले. कट्ट.

"तीस वर्षं दुसऱ्यांची पावलं चाललोय, साहेब, तेव्हा कुठे गुडघे असे वाजायला लागलेत," काका म्हणाले. "हलवा खुशाल. फक्त गुडघ्यांवरचा माणूस सुटा होत नाही."